रक्तातला विळा

मुलामुलींनो, विळा पाहिलाय ना तुम्ही? विळी नव्हे हं, विळा! चंद्रकोरीसारखा वाकलेला, लाकडी मुठीचा. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास तो घरोघरी बाहेर निघतो. भात कापायला विळा, नागलीची कणसं कापायला विळा, गुरांसाठी गवत आणायलाही विळाच. तो कसा धरायचा आणि आपलं बोट कसं वाचवायचं, हे माझ्या वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आज ज्या विळ्याची गोष्ट सांगणार आहे, तो मात्र हातात धरता येत नाही. तो काही माणसांच्या रक्तात असतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. त्या आजाराचं नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी. हा लेख वाचून झाला की आईबाबांच्याही हातात द्या बरं का, कारण यातला काही भाग खास त्यांच्यासाठी आहे.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलो. डोंगर तेच, रस्ते तेच, पत्ता तेवढा बदलला! माझ्या खोलीत तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग बसतात. चौथीच्या रांगेत भिंतीला टेकून एक मुलगा बसतो. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यानंच बजावलंय, "बाई, लिहायचं तर लिहा, पण नाव नका घालू." तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नाही. चेंडूफळी खेळताना तो चेंडू असा टोलवतो की शोधायला पोरांना ओहोळात उतरावं लागतं. आणि वर्षातले कितीतरी दिवस तो शाळेत येऊच शकत नाही.

दुखणं येतं तेव्हा काय होतं ते सांगते. आदल्या दिवशी पोरगा हसत-खेळत घरी गेलेला असतो. रात्री गार वारं सुटतं किंवा थोडी कणकण येते, आणि पहाटे मांडी, पाठ, दंड आतून ठणकू लागतात. "बाई, हाडां ठणकतात," एवढंच तो सांगतो. वरून पाहिलं तर ना जखम, ना खरचटलेलं, ना मुका मार. कुणी हात लावलेला सहन होत नाही, गोधडीचं वजनसुद्धा नको वाटतं. कधी हे दोन दिवस चालतं, कधी आठवडाभर. फारच झालं तर त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊलवाट आहे, म्हणून आधी कुणाच्या तरी पाठीवर, मग जीपमध्ये. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, आमच्या भागातली बरीच माणसं मोठ्या दुखण्याला तिथंच जातात.

हे असं का होतं? आपल्या रक्तातल्या लाल पेशी कशा दिसतात माहीत आहे? मधोमध अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारख्या! वाटोळ्या आणि मऊ. त्या इतक्या मऊ असतात की स्वतःपेक्षा अरुंद रक्तवाहिनीतूनही अंग चोरून पलीकडे जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन भरलेलं असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू घेतं आणि सगळ्या अंगाला पोचवतं. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन मोकळं झालं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या ताठ काड्या बनतात. मऊ पेढा कडक होतो, वाकतो, विळ्यासारखा दिसू लागतो. पावसाळ्यात रस्त्याखालच्या मोरीत फांद्या अडकून पाणी तुंबलेलं पाहिलंय ना? तसे हे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पलीकडच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही, आणि तो भाग बोंब मारतो. तीच ती ठणक.

शिवाय चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. शरीर नव्या पेशी बनवत राहतं, पण पुरवठ्याला येत नाही. म्हणून अशी मुलं फिकट दिसतात, लवकर दमतात. फुटलेल्या पेशींमुळे डोळेही पिवळे होतात. मग गावात म्हणतात, कावीळ झाली. त्याची आजी त्याला तीन वेळा कावीळ उतरवायला भगताकडे घेऊन गेली होती. गळ्यात मुळ्यांची माळ घातली, पथ्य पाळलं, डोळे पुन्हा पिवळे झालेच. आजीला मी दोष देणार नाही. पाऊलवाटेच्या या टोकाला जो भेटतो, माणूस आधी त्याच्याकडेच जातो.

आता या आजाराची मूळ चूक केवढी, ते ऐका. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. व्हर्नन इंग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञानं हे १९५६ साली शोधून काढलं. तुमच्या शुद्धलेखनात १४६ अक्षरांत एक अक्षर चुकलं तर मी कदाचित शाबासकीच देईन. शरीर देत नाही!

हे विळे पहिल्यांदा जगापुढे आले ते अमेरिकेतल्या शिकागो शहरातून. वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक तरुण १९०४ साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला तिथं आला आणि आजारी पडला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात वेड्यावाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर लेख लिहिला. वैद्यकाच्या पुस्तकांत हेरिक यांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. मला मात्र नोएलचं कौतुक वाटतं. पुन्हापुन्हा दुखणी काढत त्यानं शिक्षण पुरं केलं, मायदेशी परतून दातांचा दवाखाना चालवला. १९१६ साली न्यूमोनियानं तो गेला, जेमतेम बत्तिशीत.

आपल्या देशात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, नंदुरबार आणि आमचा पालघर, या पट्ट्यात त्याचे रुग्ण आहेत. मग हा आजार रानावनातच जास्त का? अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ साली एक मोठी मजेची गोष्ट मांडली. ज्यांच्या अंगात या आजाराचा अर्धाच वाटा असतो, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. पिढ्यानपिढ्या डासांच्या मुलखात जी माणसं तगली, त्यांच्याबरोबर तो अर्धा वाटाही तगला. म्हणजे हा काही कुणाच्या पापाचा किंवा करणीचा भाग नाही. मलेरियाशी झालेल्या जुन्या लढाईतली ती एक ढाल आहे. फक्त दोन ढाली एकाच मुलाच्या वाट्याला आल्या की घात होतो.

हे दोन ढालींचं गणित वर्गात कसं समजावायचं, याचा मी बराच विचार केला. शेवटी चिंचोके कामी आले. सारीपाटासाठी चिंचोके फोडतात तसे दोन फोडून घ्यायचे. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. एक चिंचोका आईचा, एक बाबांचा. पांढरी बाजू वर पडली तर बाळाला विळ्याचा वाटा मिळाला, तपकिरी पडली तर चांगला वाटा मिळाला. आई आणि बाबा दोघांमध्येही अर्धा-अर्धा वाटा असेल, तर प्रत्येक बाळाच्या वेळी हे दोन्ही चिंचोके टाकले जातात असं समजा. दोन्ही पांढरे आले तर बाळाला आजार. एक पांढरा आला तर बाळ नुसतं वाहक, म्हणजे आजारी नाही, पण वाटा पुढे नेणारं. दोन्ही तपकिरी आले तर काहीच नाही. पोरांनी ४० वेळा चिंचोके टाकले आणि फळ्यावर खुणा केल्या. ११ वेळा दोन्ही पांढरे पडले. हिशेबानं चारातून एकदा, म्हणजे १० वेळा पडायला हवे होते. चिंचोके नीट मधोमध फुटलेले नव्हते, असं एका मुलीनं लगेच कारणही दिलं!

इथं आईबाबांनी जरा थांबावं. "चारात एक" याचा अर्थ पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा मुळीच नाही. मागच्या खेपेला काय पडलं, हे चिंचोक्याला आठवत नाही. प्रत्येक खेपेला शक्यता तेवढीच. आणि दुसरी गोष्ट, मूल आजारी निघालं की घरात बोल लावला जातो तो आईला. अहो, दोन चिंचोके लागतात! एक बाबांचाही असतोच.

त्या मुलाच्या घरच्या सगळ्यांची रक्ततपासणी झाली तेव्हा आई वाहक निघाली आणि बापही. दुसरीतली धाकटी बहीणही वाहक आहे. ती नाचते, धावते, झाडावर चढते, तिला काहीही होत नाही. पण मोठी झाल्यावर, लग्न ठरवताना, समोरच्या मुलाचीही तपासणी करून घ्यायला हवी, एवढं तिला माहीत असलं पाहिजे. "मंग माझं लगीन नाय होणार?" असं तिनं मला विचारलं. वय वर्षं सात! कुणीतरी मोठ्या माणसानं तिच्यासमोर तसं बोललं असणार. मी तिला सांगितलं, होईल गं बाई, वीस-बावीस वर्षांची हो, शीक, मग बघू.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुखणं येतं ते दिवस सगळ्यांना दिसतात. पोर कण्हतं, धावपळ होते, शेजारी जमतात. पण मधले दिवस? ते कुणी मोजत नाही. माझ्याकडे मोजायला एकच साधन आहे, हजेरीपत्रक. एका जूनपासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्याच्या नावापुढे मी ४७ वेळा 'गैरहजर' लिहिलं. त्यातले खऱ्या ठणकेचे दिवस असतील पंचवीस-तीस. बाकीचे? काही दिवस थकव्याचे. काही रात्री झोप न लागल्यामुळे बुडालेले. आणि काही भीतीचे. "शाळेत दुखाया लागलं तर मला घरी कोण नेईल, बाई?" दुखत नसतानाही दुखण्यानं त्याची शाळा बुडवली होती.

मोठमोठे डॉक्टरही आता हे मधले दिवस मोजू लागले आहेत. आईबापांकडून मुलांकडे येणारा दुसरा एक आजार आहे, त्याचं नाव हेरिडिटरी अँजिओएडिमा. तो फार विरळा. शरीरात 'सी-१ इनहिबिटर' नावाचं प्रथिन कमी पडतं किंवा नीट काम करत नाही, त्यामुळे अचानक ओठ, पापण्या, हात, कधी पोटातली आतडी सुजतात. घसा सुजला तर जीवावर बेततं. ॲलर्जीच्या गोळीनं ती सूज उतरत नाही. यात तर आई किंवा बाबा, एकाकडून आलेला वाटाही पुरतो. अशी सूज ज्यांना वारंवार येते, त्यांच्यासाठी जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०१२ साली १७ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. सूज किती सेंटिमीटर आली, हे त्यात विचारत नाहीत. कामात, खेळात, मित्रांमध्ये मिसळण्यात अडथळा आला का? झोप लागते का? पुन्हा सूज येईल अशी धास्ती वाटते का? चारचौघांत लाज वाटते का? असं विचारतात. आजार आटोक्यात नसेल तर दोन दुखण्यांमधल्या चांगल्या दिवसांवरही त्याची सावली पडते. म्हणून माणूस जगतोय किती याबरोबरच जगतोय कसा, हेही विचारायचं.

मला वाटलं, आपणही आपल्या पाड्यापुरती एक प्रश्नावली करावी. मी केलीसुद्धा. पहिला प्रश्न असा : घरापासून पाणी किती लांब आहे?

हसू नका. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी प्यावं लागतं. अंगात पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि विळे लवकर अडकतात. आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि मार्च उजाडला की विहिरी तळाला जातात. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. दोन हंडे आणायला घाट उतरून चढायचा, आणि त्यातून एका मुलानं दिवसभर पाणी प्यायचं! आजी स्वतः घोटभर कमी पिते, हे मला त्याच्या बहिणीनं सांगितलं.

दुसरा प्रश्न : लघवीला जायची परवानगी लगेच मिळते का? या आजारात मूत्रपिंडावर परिणाम होतो, लघवी जास्त वेळा होते, रात्री अंथरूणही ओलं होतं. वर्गात तासातासाला उठायला लागलं तर मुलं हसतात. मग मूल काय करतं? पाणी पिणंच बंद करतं. आणि पाणी बंद केलं की ठणक आलीच! आमच्या वर्गात आता त्याला विचारावं लागत नाही. त्याच्या जागेपाशी बाटली असते आणि तो बोट वर न करता उठून जातो. पहिल्या आठवड्यात बाकीच्यांनीही तसंच करून पाहिलं. अर्धा वर्ग बाहेर! मग आपोआप बंद झालं.

तिसरा प्रश्न थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्यमाळच्या बाजूनं असं वारं येतं की शेकोटी सोडवत नाही. गार पाण्याची आंघोळ, ओले कपडे, पावसात भिजणं, हे त्याला चालत नाही. त्याच्यासाठी परिपाठ उन्हात घेतो. आता सगळ्यांनाच ऊन आवडायला लागलंय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

चौथा प्रश्न : तुला कुणी काय म्हणतं? याला तो बराच वेळ उत्तर देईना. मग म्हणाला, "ढोंग्या." शेतात काम करताना पाच मिनिटांत बसतो, ओझं उचलत नाही, आणि दोन दिवसांनी चेंडू खेळताना दिसतो, म्हणून गावातल्या काही माणसांनी हे नाव ठेवलं होतं. जखम दिसत नाही ना! मुलांनो, प्लॅस्टर घातलेल्या मुलाचं दप्तर उचलायला पाचजण धावतात. ज्याची ठणक आत असते, त्याला आधी ती सिद्ध करावी लागते. मला हे फार अन्यायाचं वाटतं. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या विळ्यांचं चित्र मी वर्गात मोठं करून लावलं. ते पाहून गेलेल्या दोन-चार मोठ्या माणसांनी तरी नंतर तो शब्द वापरल्याचं कानावर आलं नाही.

औषध आहे का? आहे. हायड्रॉक्सीयुरिया. अमेरिकेत १९९८ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं आणि त्याचे विळे होत नाहीत. म्हणून तर जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं. हे औषध शरीराला ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं थोडं बनवायला लावतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत, रोज न चुकता घ्यायचं. दुखण्यांची संख्या त्यानं कमी होते. त्याशिवाय फॉलिक ॲसिडची गोळी आणि सगळ्या लसी. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र अशा मुलानं डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांच्या शरीरात लोह आधीच साठत गेलेलं असतं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. कारण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि साधा जंतूही त्यांना झपाट्यानं ग्रासतो. डावीकडे बरगडीखाली पोट एकदम फुगलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तरीही तसंच.

औषध रोज घ्यायचं, हे लिहायला सोपं. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एका वर्षी तोही आईबापांबरोबर भट्टीवर गेला. भट्टीची धग, घाम, मोजकं पाणी, आणि महिन्याची गोळी संपल्यावर दुसरी कुठून आणायची हे कुणालाच ठाऊक नाही. जवळच्या एका दवाखान्यात विचारलं तर तिथं ती शिल्लक नव्हती. त्या दोन महिन्यांत तो तीनदा आजारी पडला. दुसऱ्या वर्षी आजीनं त्याला ठेवून घेतलं. आईबाप सहा महिने भट्टीवर, पोरगा इथं. गोळी नियमित झाली, ठणक उतरली, आणि आईची आठवण वाढली. कुठल्या रकान्यात लिहायचं हे?

नियमित औषधाच्या पहिल्या वर्षात त्याच्या गैरहजेरीचे ४७ दिवस १९ वर आले. त्या वर्षी होळीनंतरच्या बोहाड्यात तो रात्रभर जागला. मुखवटे नाचताना पाहायला त्याला आजवर कधी मिळालंच नव्हतं. अंगावर दोन स्वेटर, कानाला मफलर आणि शेजारी पाण्याची बाटली! दुसऱ्या दिवशी वर्गात सोंगांची नक्कल केली, ती मला पाठ फिरवून हसावं लागावं इतकी झकास.

पालकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी पथक गावात आलं तर पोरांना घेऊन जा, स्वतःचंही बोट पुढे करा, थेंबभर रक्त तर लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, आणि एसटीच्या भाड्यातही या रुग्णांना सवलत आहे. कागद करून घ्यायला हेलपाटे पडतात, पण करून घ्याच.

"बाई, हा विळा कायमचा काढून टाकता येत नाही का?" असं त्यानं मला विचारलं होतं. दात्याचा मगज जुळला तर तो रोपण करून काही मुलं बरी होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणखी एका उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तपेशी बाहेर काढून त्यांच्यातल्या जनुकात दुरुस्ती करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. खर्च ऐकला तर आपल्याला आकड्यातली शून्यंच मोजत बसावी लागतील. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मी मोठा होईपर्यंत स्वस्त होईल."

येत्या जूनमध्ये तो पाचवीला आश्रमशाळेत जाणार आहे. जाऊ द्यावं की नाही, यावर आजी, आईबाप आणि मी खूप वेळ बोललो. तिथं गोळी कोण देईल, रात्री दुखलं तर कोण उठेल, अंथरूण ओलं झालं तर पोरं काय म्हणतील? शेवटी तोच म्हणाला, मला जायचंय. मी अधीक्षकांना चिठ्ठी लिहायला घेतली, तर तीही त्यानं माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतः लिहिली. त्याच्या परवानगीनं इथं देते :

"माननीय अधीक्षक साहेब, माझ्या रक्तात विळा आहे. तो दुसऱ्याला लागत नाही. मला पाणी जास्त लागतं म्हणून लघवीला जास्त जातो, रात्री पण. गार पाण्यानं आंघोळ नको. गोळी रोज रात्री जेवल्यावर घेतो, पण मी विसरलो तर विचारा. ताप आला तर सकाळची वाट बघू नका. हाडां ठणकतात तेव्हा मी खोटं बोलत नसतो. आणि क्रिकेटमध्ये मला नुसता अंपायर करू नका. मला बॅटिंग येते. रनर द्या."

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. दोन मी दुरुस्त करून घेतल्या, 'हाडां' तसंच राहू दिलं.